‘जिहाद’ : एक धातू, दोन अर्थविचार

‘जिहाद’ या संज्ञेविषयीचा आधुनिक भारतीय वाद हैदराबाद संस्थानाशी संबंध असलेल्या दोन विद्वानांच्या ग्रंथांत स्पष्ट दिसतो. एक संस्थानच्या सेवेतील मौलवी चिराग अली (१८४४–१८९५). दुसरे औरंगाबादेत १९०३ साली जन्मलेले अबुल आला मौदूदी.

राणीच्या राज्याविरुद्ध बंड करण्यास मुसलमान धर्मतः बांधलेले आहेत काय, हा प्रश्न हंटर यांनी १८७१ मध्ये उपस्थित केला होता. चिराग अलींनी १८८५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात प्रतिपादिले की, पैगंबरांची युद्धे संरक्षणात्मक होती. ‘ज-ह-द’ या धातूचा मूलार्थ ‘पराकाष्ठेचा प्रयत्न’ असून ‘युद्ध’ हा अर्थ उत्तरकालीन आहे. कुराणातील प्रयोग या मतास अंशतः पुष्टी देतात. ‘अनकबूत’ या सूरेत (२९:८) अनेकेश्वरवादासाठी अपत्याला भरीस घालणाऱ्या मातापित्यांच्या आग्रहासही हेच क्रियापद योजिले आहे. लढाईसाठी ‘किताल’ हा निराळा शब्द आहे.

मौदूदींचे विवेचन स्वामी श्रद्धानंदांच्या हत्येनंतर (डिसेंबर १९२६) उसळलेल्या वादातून निघाले. ‘अल्-जमीयत’ पत्रातील त्यांची १९२७ ची लेखमाला पुढे ग्रंथरूप झाली. १९३९ च्या लाहोर येथील व्याख्यानात त्यांनीही ‘प्रयत्न’ हाच मूलार्थ घेतला. परंतु प्रचलित व्यवस्था उलथून ईश्वरी व्यवस्था स्थापण्याचा सशस्त्र प्रयत्नही त्यात समाविष्ट केला, आणि आक्रमण व संरक्षण हा भेद अप्रस्तुत ठरविला.

एकाच धात्वर्थातून दोन विरुद्ध निष्कर्ष निघाले, यातच व्युत्पत्तीची मर्यादा उघड होते. ‘तौबा’ सूरेत (९:४१) हाच धातू युद्धप्रसंगी येतो. शैबानी (मृत्यू ८०५) प्रभृती विधिज्ञांनी युद्ध, तह व अभय यांचे नियमच ग्रथित केले. उलट, आत्मसंयमास ‘थोर जिहाद’ म्हणणारे वचन सूफींना प्रिय असले, तरी सहा प्रमाण हदीससंग्रहांत ते नाही. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ रचिला. म्हणून मराठीत ‘संग्राम’ शब्दाचा रणवाचक अर्थ लोपला नाही, आणि रणवाचक अर्थामुळे योग्याचा संग्रामही खोटा ठरला नाही.

तात्पर्य, ‘खरा अर्थ कोणता’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणी, कोणत्या काळी, कोणाच्या अधिकाराने हा शब्द योजिला, हे विचारल्यावाचून केवळ कोशाच्या बळावर ना आरोप सिद्ध होतो, ना बचाव.