खाणपट्ट्याची कुळकथा

मध्य प्रदेशात बालाघाटजवळ असलेल्या भरवेलीच्या खाणीतला मँगनीजचा दगड हातात घेतला की आधी त्याचं वजन जाणवतं, मग बोटांना लागलेली काळी भुकटी दिसते. पोलादाला बळकटी देणारा हा दगड काढायची परवानगी कुणी आणि कशी द्यायची, हा प्रश्न बालाघाटात शतकाहून जुना आहे. खाणपट्टा हे त्याचं कागदी उत्तर.

1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली; तीच पुढे विलायती सीपीएमओ कंपनी झाली. बालाघाटचा कारभार 1956 पर्यंत नागपूरहून चाले. गावाखालचं खनिज कुणाला द्यायचं, हे ठरवताना गावाला विचारायचं बंधन सरकारवर नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागलं. 1957 च्या खाण व खनिज कायद्यानं सांगितलं, पट्ट्याशिवाय खाणकाम नाही. पट्टा राज्यानं द्यायचा, पण मँगनीजसारख्या, कायद्याच्या अनुसूचीतल्या खनिजांना तेव्हा केंद्राची पूर्वमान्यता लागे. राज्याचा निकाल पटला नाही तर केंद्राकडे दाद मागता येई. 1962 मध्ये सीपीएमओची मालमत्ता नव्या मॉइल (मँगनीज ओर इंडिया लिमिटेड) कंपनीकडे आली आणि 1977 मध्ये मॉइल पूर्णपणे सरकारी झाली. म्हणजे पट्टा देणारंही सरकार आणि खाण चालवणारंही सरकार. अशा वेळी सरकारच्या लेखणीला लगाम हवाच.

तो लगाम त्याआधीच न्यायालयात घडला होता. मध्यप्रदेश इंडस्ट्रीज या कंपनीचा पट्ट्याचा वाद 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला. अर्ज फेटाळताना केंद्रानं कारणं लिहायला हवीत का, हा मुद्दा होता. न्या. सुब्बा राव म्हणाले, हवीत. न्या. मुधोळकर आणि न्या. बचावत यांच्या मते, खालचा निर्णय कायम ठेवताना वेगळी कारणं द्यायची गरज नव्हती. दोनच वर्षांनी, 1967 च्या भगत राजा खटल्यात न्यायालयानं कारणं द्यावीच लागतील असं ठरवलं. या कुळकथेतलं हे सर्वांत मोलाचं वळण. कारणं लिहिलेला हुकूम तपासता येतो. नुसत्या ‘नामंजूर’शी भांडायचं कसं?

पुढचे धक्के मोठे होते. 2014 मध्ये न्यायालयानं कोळसा खाणींची 214 वाटपं रद्द केली. 2018 मध्ये गोव्यातल्या 88 लोहखनिज पट्ट्यांची नूतनीकरणं रद्दबातल ठरली. त्यांतली कितीतरी 2015 च्या लिलावाच्या अध्यादेशाच्या तोंडावर उरकलेली होती. 2015 पासून लिलाव हा मुख्य मार्ग झाला. समुद्रतळाच्या खनिजांसाठी 2002 चा वेगळा कायदा आहे. 2023 च्या दुरुस्तीनं खाजगी कंपन्यांसाठी तिथंही लिलाव आणला. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रांचा कायदा आणखी वेगळा, 1948 चा. तरी सूत्र एकच: राज्यघटनेच्या 297 व्या कलमानुसार सागरी हद्दीतली संपत्ती संघराज्याकडे आहे, सत्तेवरच्या मंत्र्याकडे नव्हे.

मग गावाला विचारायचं काय झालं? बालाघाट जिल्ह्यातला बैहर तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या आदिवासी क्षेत्रात येतो. तिथं अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्यानं गौण खनिजांच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची केली. मँगनीज मात्र प्रमुख खनिज, म्हणून या तरतुदीबाहेर. खरी उणीव इथं आहे. केंद्राला कारण लिहायला लावणाऱ्या कायद्यानं आता खाणीच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसाचं म्हणणंही त्याच कागदावर नोंदवायला लावलं पाहिजे, आणि ते का मानलं नाही याचंही उत्तर मागितलं पाहिजे.