रनिंगच्या दुखण्यावर अ‍ॅक्युपंक्चर: सुई काय करते, आणि घड्याळातला डेटा का बघायचा?

जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी रंगात आली की रनिंग ग्रुपवर टाच, नडगी आणि गुडघ्याचे मेसेज सुरू होतात. मग कुणीतरी सांगतं, "सुया टोचून घे, दोन दिवसांत पळशील." यात तथ्य किती? थोडक्यात उत्तर आधीच देतो: सुईने दुखणं कमी होऊ शकतं, पण ज्या भारामुळे ते झालं तो भार सुई कमी करत नाही. तो भार तुमच्या फोनमध्ये नोंदलेला असतो.

ओव्हरयूज इंजरी म्हणजे काय?

पडून किंवा पाय मुरगळून होते ती इजा वेगळी. ओव्हरयूज इंजरी हळूहळू होते. प्रत्येक पावलाला हाड, स्नायू आणि टेंडनवर ताण येतो आणि विश्रांतीत शरीर झीज भरून काढतं. झीज जास्त आणि भरपाई कमी झाली की दुखणं सुरू होतं. धावणाऱ्यांमध्ये नेहमी दिसणारे प्रकार असे:

- प्लांटर फॅसायटिस: टाचेखाली दुखणं, सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात त्रासाचं
- अकिलीस टेंडनचं दुखणं: टाचेच्या मागे, पोटरीच्या खाली
- शिन स्प्लिंट्स: नडगीच्या आतल्या कडेला
- रनर्स नी: गुडघ्याच्या वाटीभोवती
- स्ट्रेस फ्रॅक्चर: हाडाला गेलेली बारीक चीर

सुई कशी असते?

इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव. जाडी साधारण पाव मिलिमीटर. मी पोटरीत टोचून घेतली आहे. आत जाताना जेमतेम कळतं, मग जड, बोथट कळ येते. पारंपरिक अ‍ॅक्युपंक्चरमध्ये ठरलेले बिंदू असतात. फिजिओथेरपिस्ट करतात ते 'ड्राय नीडलिंग': त्यात स्नायूतली दुखरी गाठ शोधून तिथेच टोचतात. इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चरमध्ये सुयांना क्लिप लावून सौम्य करंट सोडतात.

शरीरात काय होतं?

टोचल्यावर नसा जाग्या होतात आणि मेंदू व मज्जारज्जूत एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक रसायनं सुटतात. २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात टोचलेल्या जागी अ‍ॅडेनोसिन वाढल्याचं आणि त्यामुळे वेदना कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे मुख्य काम वेदनेच्या सिग्नलवर होतं. फोनचं नोटिफिकेशन म्यूट केलं तरी मेसेज आलेला असतोच, तसंच हे.

संशोधन काय सांगतं?

२००७ मध्ये जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. पण मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या 'खोट्या' अ‍ॅक्युपंक्चरनेही ४४.२ टक्के लोकांना बरं वाटलं! म्हणजे बराचसा परिणाम नेमक्या बिंदूचा नसून टोचण्याचा, अपेक्षेचा आणि कुणीतरी वेळ देऊन लक्ष दिल्याचा होता.

टाचदुखीवर ऑस्ट्रेलियात ८४ लोकांची चाचणी झाली (२०१४). ड्राय नीडलिंगने पहिल्या पावलाचं दुखणं खोट्या सुईपेक्षा कमी झालं, पण फरक माफक होता. टोचल्यावर थोडा वेळ दुखणं, काळंनिळं पडणं हे त्रासही झाले.

आता तुलना बघा. अकिलीसच्या दुखण्यावर स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये एक व्यायाम तपासला: पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. गटातले पंधराही जण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. अभ्यास छोटा होता, पण टेंडनला हळूहळू भार देऊन मजबूत करणं हाच आजही उपचाराचा पाया आहे.

घड्याळातला डेटा कसा वापरायचा?

२०२५ मध्ये ५,२०५ धावपटूंचा गार्मिन घड्याळांमधला डेटा १८ महिने तपासला गेला. एखादी रन मागच्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब रनपेक्षा १० टक्क्यांहून जास्त लांब झाली, की इजेचा धोका वाढलेला दिसला. आठवड्याचं एकूण अंतर मागच्या आठवड्यांपेक्षा वाढण्याशी मात्र असा संबंध दिसला नाही. म्हणून हे करा:

१. स्ट्रावा किंवा गार्मिन कनेक्टमध्ये मागच्या ३० दिवसांच्या रन्स उघडा.
२. सगळ्यात लांब रन शोधा. समजा, १२ किमी.
३. त्यात १० टक्के मिळवा: १३.२ किमी. पुढची रन याच्या आत ठेवा.
४. दुखणं सुरू झालं त्याआधीच्या रन्स तपासा. उडी दिसली तर कारण बहुधा तिथेच आहे.

हा तक्ता डॉक्टर किंवा फिजिओला दाखवा. "खूप पळलो" यापेक्षा तो जास्त सांगतो.

टोचून घेण्याआधी

- हाडावर एका बोटाने दाखवता येईल असं दुखतंय, रात्री ठणकतंय, किंवा एका पायावर उडी मारली की कळ येते? आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. सुरुवातीच्या एक्स-रेत स्ट्रेस फ्रॅक्चर सुटू शकतं, एमआरआयमध्ये दिसतं. अशा वेळी दुखणं दाबून धावलात तर चिरेचं पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकतं.
- सुई सीलबंद, एकदाच वापरायची हवी. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा.
- महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. नोंदणी विचारायला लाजू नका.
- रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा गरोदर असाल तर आधीच सांगा.
- छाती किंवा खांद्याजवळ खोल टोचल्यास क्वचित फुफ्फुसाला इजा होते. नंतर दम लागला तर थेट हॉस्पिटल.

नेहमीचे प्रश्न

*रेसच्या आदल्या दिवशी टोचून घेऊ का?*
नको. टोचलेला स्नायू एक-दोन दिवस दुखरा राहू शकतो.

*सुईनंतर दुखत नाही, मग पळू का?*
न दुखणं म्हणजे बरं होणं नाही. आधी चालून बघा, मग थोडं जॉगिंग. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखलं नाही तरच अंतर वाढवा, आणि तेही १० टक्क्यांच्या आत.

*मग सुई घ्यायचीच नाही का?*
घ्या की. दुखणं कमी झालं तर व्यायाम करणं सोपं जातं. फक्त सुईसोबत व्यायाम आणि भाराचं नियोजन हवंच.