दार, बैठक आणि टिकाव : शालेय समावेशाच्या इतिहासाचा मागोवा

नागपूर-भंडारा मार्गावरील मौदा हा भातशेतीचा तालुका आहे. विदर्भातील शाळांचे नवे सत्र जूनच्या अखेरीस सुरू होते आणि जुलैमध्ये पाऊस स्थिरावला की रोवणीला आरंभ होतो. पहिलीत नुकतेच नाव घातलेले मूल अक्षरांशी ओळख करून घेत असते, नेमक्या त्याच दिवसांत मजूर आईबाप चिखलात उभे असतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम घरातल्या थोरल्या मुलीवर येते. शाळेचे दार उघडे असते, हजेरीपटावर नावही असते. मूल मात्र वर्गात नसते. सर्वसमावेशक, बालकेंद्री शिक्षणाचा विचार या रिकाम्या जागेपासून सुरू झाला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर त्याचे तीन टप्पे दिसतात. पहिला टप्पा दाराचा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. एका मुलाला घेतल्यास इतर मुले शाळा सोडतील, या भयाने मुंबई सरकारने त्याची बाजू घेण्याचे नाकारले. प्रकरण वरपर्यंत गेले आणि सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे तत्त्व कंपनीच्या संचालक मंडळाने १८५८ मध्ये मान्य केले. तत्त्व कागदावर आले, गावातील शाळा मात्र पूर्ववत चालू राहिल्या.

दुसरा टप्पा बैठकीचा. साताऱ्याच्या शाळेत बालवयीन भीमरावांना प्रवेश मिळाला होता. पण बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज तहान भागत नसे. प्रवेश आणि समावेश यांतील अंतर याहून स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. आमच्या नागपुरात जाईबाई चौधरी यांना शिक्षिका म्हणूनही हाच अनुभव आला. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकविते म्हणून पालकांनी विरोध केला. पुढे जाईबाईंनी संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. बहिष्कृतांना स्वतःची शाळा उभारणे भाग पडले, यातच सार्वजनिक शाळेचा पराभव नोंदला गेला आहे. याउलट राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत बसविण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा ही सोय नसून भिंतच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

तिसरा टप्पा टिकावाचा, आणि तो आजही संपलेला नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक आकडा मांडला : प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचतात, ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत आलेले प्रत्येक मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. शाळेचे मोजमाप दाखल्यांच्या संख्येवरून करावयाचे नाही, हा दंडक त्यांनी त्या दिवशी घालून दिला.

मूल टिकावयाचे तर शाळेने मुलाकडे वळले पाहिजे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेती आणि आरोग्य यांचे ज्ञान प्राथमिक शिक्षणात मागितले, ते याच हेतूने. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. पाली वाङ्मयात चूळपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा देऊन तो चोळत बसण्यास सांगितले. हाताच्या स्पर्शाने मळत जाणाऱ्या त्या वस्त्रातून त्याला अनित्यता उमगली. विद्यार्थी बदलला नाही, पाठ बदलला. अट्ठकथाकारांनी ही कथा प्रज्ञेच्या संदर्भात सांगितली असली तरी अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही वर्गात ती सांगण्याजोगी आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने यांतील बरेच काही विधिरूप केले. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध ठरले, बालकेंद्री अध्यापनाचा व शक्य तेथवर मातृभाषेचा आग्रह आला, विनाअनुदानित खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा आल्या. परंतु मिळालेले आपोआप टिकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. हा महापंथकाचा मार्ग होय. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव महाराष्ट्रात मागविले गेले. सरकारी शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना २५ टक्क्यांच्या बंधनातून वगळणारा फेब्रुवारी २०२४ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला, तेव्हा कुठे ती जागा राहिली.

मौद्यासारख्या तालुक्यात पायी जाण्याच्या अंतरावरील शाळा दूर गेली, तर प्रथम कोणाचे नाव गळेल, हे सांगण्यास अभ्यासकाची गरज नाही. रोवणीच्या दिवसांत धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली तीच मुलगी ती. म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील पहिलीत दाखल झालेल्या मुलांची यादी करावी, रोवणी-कापणीच्या दिवसांत धाकट्यांना सांभाळण्याची व्यवस्था विहारातच करावी, आणि चार वर्षांनी तीच यादी पुन्हा वाचावी. त्या यादीत शंभरातील किती नावे उरली, हे १९२७ च्या प्रश्नाचे आपले उत्तर असेल.