इतिहासाची एम.ए. आणि न छापलेली अट

आपल्या धर्मग्रामातील एखादी मुलगी बी.ए. झाल्यावर ‘इतिहासात एम.ए. करते’ म्हणाली की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘पुढे काय?’ आईवडिलांनी तो विचारावाच. परंतु ‘त्यासाठी लागते काय?’ हे सहसा कोणी विचारीत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या अटी जाचक नाहीत. दोन वर्षे, चार सत्रे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एकूण 88 श्रेयांक. त्यांत संशोधनपद्धतीचा अभ्यास व संशोधन प्रकल्प आला. पुढे पीएच.डी. करावयाची तर एम.ए.ला साधारणतः 55 टक्के गुण हवेत आणि किमान तीन वर्षे द्यावी लागतात. चिकाटी असली की हे साधते.

जी अट माहितीपत्रकात छापलेली नसते ती मात्र कठीण आहे. आपला भाईंदर, डोंगरी, उत्तन, गोराई हा पट्टाच घ्या. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. 1737 साली मराठ्यांनी साष्टीत पाऊल टाकले आणि मे 1739 मध्ये वसईचा किल्ला पडला. त्या मोहिमेत आपल्या उत्तनजवळच्या धारावीसाठीही झुंज झाली. हल्ला करणाऱ्यांची पत्रे मोडीत आहेत, बचाव करणाऱ्यांची पोर्तुगीजमध्ये. पहिली पुण्याच्या पेशवे दप्तरात, दुसरी पणजीच्या पुराभिलेखागारात. रियासतकार सरदेसाईंनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागद 45 खंडांत छापले, ही मोठीच सोय झाली. तथापि निवड ती निवडच. एकाच बाजूचे कागद वाचणारा विद्यार्थी निम्मीच लढाई पाहतो. आणि ज्यांच्या शेतांतून ही सैन्ये गेली त्या आपल्या पूर्वजांविषयी दोन्ही बाजू फारसे बोलत नाहीत. त्यांच्यासाठी बाप्तिस्मा, विवाह व मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या धुंडाळाव्या लागतात. घराण्यांच्या दंतकथा लग्नमंडपात शोभतात. परीक्षकापुढे टिकत नाहीत.

स्पेनमधून 1922 साली मुंबईस आलेल्या येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांनी 1926 मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था स्थापिली, ती मूळ साधनांच्या आग्रहानेच. त्यांचे गोमंतकीय शिष्य जॉर्ज मोराइस यांचा कदंब राजघराण्यावरील ग्रंथ 1931 साली निघाला. गोव्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी तर पोर्तुगीज व मराठी कागद एकमेकांशी ताडून पाहिले. त्यांच्या तोडीचे काम आपल्या पट्ट्याविषयी आपल्यापैकी कोणी अजून हाती घ्यावयाचे आहे. (राजवाडे नुसते बी.ए. होते, हेही पदवीवेड्यांनी ध्यानात ठेवावे!)

शासनाच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग भरतात. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकविली जाते. मुलांनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच यांतील एक तरी हाती धरावी, कारण एम.ए.च्या चार सत्रांत लिपी गिरवून पुन्हा प्रकल्पही लिहिणे जमत नाही. मग मार्गदर्शक सोपा विषय देतात आणि मुले तो घेतात.