नॅनो औषधे मज्जापेशींपर्यंत पोहोचतात का?

‘नॅनो तंत्राने नसा पुन्हा जिवंत करा’ अशा जाहिराती मोबाइलवर येतात आणि घरात पॅरालिसिसचा रुग्ण असला की मन तिकडे ओढ घेते. म्हणून या तंत्राने आज काय होते आणि काय होत नाही, ते पाहू.

नॅनो म्हणजे काय?
नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. औषध साधारण १०० नॅनोमीटरच्या कणात, बहुधा चरबीच्या सूक्ष्म पिशवीत, भरून देतात. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांसाठी ज्या लायपोसोमल अँफोटेरिसिन इंजेक्शनकरिता महाराष्ट्रभर धावाधाव झाली, ते असेच औषध. चरबीच्या वेष्टनामुळे त्याचा मूत्रपिंडांना होणारा त्रास कमी होतो.

मेंदूपर्यंत पोहोचणे अवघड का?
मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. हा अडथळा विषारी द्रव्ये अडवतो, तशी बहुतेक औषधेही अडवतो. पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडते, पण ते बाहेरून दिले तर मेंदूत शिरत नाही. म्हणून आत जाऊ शकणारे लेव्होडोपा गोळीतून देतात. नॅनोकणांवर विशिष्ट प्रथिने लावून किंवा नाकावाटे औषध देऊन हा अडथळा ओलांडण्याचे प्रयोग सुरू आहेत. त्यांतले बरेचसे अजून प्राण्यांवरच आहेत. शिवाय रक्तात सोडलेले बहुतेक कण यकृत आणि प्लीहा अडवतात.

मग उपयोग झालाच नाही का?
झाला आहे. पॅटिसिरान या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात यकृतात तयार होणारे सदोष प्रथिन नसांवर साचते. हे नॅनोकण यकृतात जाऊन ते प्रथिन बनणे कमी करतात आणि नसांची हानी रोखतात. म्हणजे फायदा नसांना, पण औषध जाते यकृतात.

आज रुग्णांनी काय करावे?
पॅरालिसिस, पार्किन्सन, अल्झायमर किंवा मधुमेहामुळे होणारी पायांची आग यांत मृत मज्जापेशी पुन्हा जिवंत करणारे कोणतेही नॅनो औषध नेहमीच्या उपचारांत उपलब्ध नाही.

- ‘नॅनो’ थेंब किंवा कॅप्सूल सुरू करून रक्तदाब, साखर, फिट किंवा पार्किन्सनच्या गोळ्या बंद करू नका.
- औषधाचे वेष्टन डॉक्टरांना दाखवा. त्यात कोणता घटक आहे आणि ते कोणत्या आजारासाठी मंजूर आहे, हे विचारा.
- पॅरालिसिसनंतर फिजिओथेरपी नियमित करा. हालचाल परत येण्यास तिचा खरा उपयोग होतो.
- तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे अचानक सुरू झाले, तर १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सी.टी. स्कॅन लागतो. पाथर्डीहून अहिल्यानगर सुमारे ५० किलोमीटर आहे, त्यामुळे घरगुती उपायांत वेळ घालवू नका.