रान कोणासाठी तोडलं, कोणासाठी राखलं

पर्यावरणाची जाण असलेला भारतीय कादंबरीकार कोण, असं विचारलं की हल्ली पहिलं नाव अमिताव घोष यांचं येतं. त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण आधी विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या ‘आरण्यक’बद्दल बोलू या.

विभूतिभूषण म्हणजे ‘पथेर पांचाली’, एवढंच आपल्याला बहुधा माहीत असतं. तरुणपणी त्यांनी बिहारमध्ये भागलपूरकडे एका जमीनदारी इस्टेटीत नोकरी केली होती. तो अनुभव ‘आरण्यक’मध्ये आहे. पुस्तक आलं १९३९ साली. कलकत्त्यात बेकार फिरणारा सत्यचरण इस्टेटीचा व्यवस्थापक होऊन जंगलात येतो. रान कुळांना लावून द्यायचं, हे त्याचं काम. सुरुवातीला त्याला तिथे करमत नाही, पुढे रानाचं वेडच लागतं. नोकरी मात्र चालूच असते. दिवसा जमिनीचे पट्टे द्यायचे आणि रात्री चांदण्यात त्याच रानातून घोडा फिरवायचा! शेवटी झाडांच्या जागी शेतं आणि वस्त्या उभ्या राहतात, आणि तो वनदेवतांची क्षमा मागतो.

त्यातला जुगलप्रसाद मला फार आवडतो. हा माणूस लांबलांबून फुलझाडांच्या आणि वेलींच्या बिया आणतो आणि जंगलातच लावतो. स्वतःच्या अंगणात नाही हं, जिथे त्याची मालकी नाही तिथे. पुढे सत्यचरणही त्याला साथ देतो. एवढं करून ते रान काही वाचत नाही.

पण विभूतिभूषण कुळांना खलनायक करत नाहीत. तिथल्या माणसांना भात म्हणजे सणाचं जेवण. कचेरीत भात मिळणार म्हटल्यावर ती कोसकोस चालत येतात. अशा माणसाला जमीन नको कसं म्हणणार? रान तुटतं ते भुकेपायी आणि इस्टेटीच्या वसुलीपायी, आणि वाचक म्हणून आपण झाडांसाठी हळहळतो.

स्वातंत्र्यानंतर हळहळीची दिशा बदलली. मराठीत विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ १९९१ मध्ये आली. तिथे धरणाखाली गाव जातं आणि आपलं मन विस्थापितांच्या मागे जातं. सुंदरबनात तर गोष्ट पुरतीच उलटली. १९७३ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. १९७८ मध्ये दंडकारण्यातल्या छावण्या सोडून आलेले बंगाली निर्वासित मरिचझापी बेटावर वसले. हे राखीव वन आहे, असं राज्य सरकारचं म्हणणं होतं. १९७९च्या जानेवारीत बेटाची नाकेबंदी झाली, मे महिन्यात बेट रिकामं केलं गेलं. किती माणसं मेली याचा वाद अजून मिटलेला नाही.

घोष यांची ‘द हंग्री टाइड’ (२००४) या घटनेला पोटात घेऊन लिहिलेली आहे. कुसुम त्या बेटावरची. वाघांसाठी आम्हाला मारणारी, त्यासाठी पैसे देणारी ही माणसं आहेत तरी कोण, असं ती विचारते. बऱ्याच वर्षांनी तिचा मुलगा फोकीर अमेरिकेहून आलेल्या पियाला होडीतून डॉल्फिन दाखवत फिरतो. एका गावात वाघ कोंडला जातो, लोक त्याला मारायला निघतात. पिया जिवाच्या आकांतानं अडवते आणि फोकीर गावकऱ्यांच्या बाजूनं उभा राहतो. मला तरी हा प्रसंग कादंबरीचा कणा वाटतो. दोघांपैकी कोणालाही चूक ठरवायचं धाडस मला होत नाही.

गंभीर कादंबरीनं हवामानबदलाला दाराबाहेर ठेवलं, अशी तक्रार घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये (२०१६) केली. हवामानापुरती ती मला पटते. पण रान कोणाचं, हा प्रश्न आपल्या भाषांमध्ये फार आधीपासून मुक्कामाला आहे.

पुढे वादळात पियाला वाचवताना फोकीर जातो. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. डॉल्फिन सापडणाऱ्या ज्या वाटा त्यानं दाखवल्या, त्या तिच्या जीपीएस यंत्रात नोंदलेल्या राहतात. आणि स्थानिक कोळ्यांना बरोबर घेऊन जो नवा प्रकल्प ती आखते, त्याला ती फोकीरचं नाव द्यायचं ठरवते.