उसन्या आज्ञांचा इतिहास

संगणकाची आज्ञावली एकाच हाताने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहिली जाते, अशी आपणांपैकी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. मोठ्या आज्ञावलीतील बराच भाग उसना असतो. ही उसनवारी कशी सुरू झाली आणि ती यंत्राच्या हाती कशी गेली, हा इतिहास आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली बांधलेल्या 'एडसॅक' या संगणकाने ६ मे १९४९ रोजी वर्गसंख्यांचा तक्ता छापून दिला. पुढे असे दिसून आले की, नेहमीची गणिते प्रत्येकाने पुन्हा पुन्हा लिहिणे हा श्रमाचा अपव्यय आहे. म्हणून डेव्हिड व्हीलर आदी मंडळींनी तयार उपाज्ञावल्या रचल्या. कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने त्या उतरवीत आणि पोलादी कपाटात ठेवीत. १९५१ पर्यंत त्यांची संख्या ८७ झाली होती. हवी ती फीत काढावी, तिची नक्कल आपल्या फितीवर करून घ्यावी, असा परिपाठ होता. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या ओळखीचे होते.

कालांतराने हे कपाट जगभर पसरले. १९९५ मध्ये 'पर्ल' भाषेचे 'सीपॅन' हे भांडार इंटरनेटवर खुले झाले. परंतु एका पॅकेजला दुसरे लागे, दुसऱ्याला तिसरे. ही परावलंबनाची साखळी हाताने जुळविता जुळविता माणूस मेटाकुटीला येई. १९९८ मध्ये डेबियनच्या मंडळींनी 'ॲप्ट' हे साधन काढले. एक आज्ञा दिली की ते सगळी साखळी शोधून काढी आणि बसवून देई.

याच सुमारास दुसरी अडचण ऐरणीवर आली होती. अनेकजण आपापला भाग महिनोन्महिने स्वतंत्रपणे लिहीत आणि शेवटी जोडू जाता काहीच जुळत नसे. केंट बेक यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात सांगितले की, जोडणी रोज, किंबहुना दिवसातून अनेकदा करावी आणि लगोलग तपासावी. हीच अखंड जोडणीची पद्धती. २००१ मध्ये 'क्रूझकंट्रोल', २०११ मध्ये 'ट्रॅव्हिस' आणि २०१९ मध्ये 'गिटहब ॲक्शन्स' यांनी हे काम यंत्राकडे सोपविले. प्रत्येक बदलासरशी बहुधा एक कोरा संगणक उभा राहतो, उसने सामान मागवितो, तपासणी करतो आणि विसर्जित होतो. 'माझ्या यंत्रावर तर चालते' ही सबब त्यामुळे उरली नाही. मात्र सामान पुन्हा पुन्हा दूरच्या भांडारातून येऊ लागले आणि ते येताना पाहणारे कोणी राहिले नाही.

२२ मार्च २०१६ रोजी याचा प्रत्यय आला. 'लेफ्ट-पॅड' नावाची अवघ्या ११ ओळींची आज्ञावली होती. शब्दाच्या डाव्या बाजूस रिकामी जागा भरणे, एवढेच तिचे काम. नावावरून झालेल्या वादात तिच्या कर्त्याने ती 'एनपीएम' या भांडारातून काढून घेतली आणि जगभर असंख्य जोडण्या कोसळल्या. काही तासांतच ती परत ठेवण्यात आली. परंतु त्या दिवसापर्यंत कित्येकांना ती आपल्या कामात आहे, याचाच पत्ता नव्हता.

यावरील उपाय वाण्याच्या यादीसारखा आहे. 'तांदूळ आणावा' असे लिहिले तर नोकर हाती लागेल तो आणील. जात, वजन आणि दुकान लिहून दिले तर तोच आणील. रूबी भाषेच्या 'बंडलर'ने २०१० मध्ये अशी पक्की यादी रूढ केली. तिला लॉक फाइल म्हणतात. एनपीएमने २०१७ मध्ये तशीच यादी आणली व तीत प्रत्येक पॅकेजची आकडेमोडीने काढलेली खूण नोंदविली. लाखेची मोहर मोडली की लखोटा उघडल्याचे कळते, तद्वत एक अक्षर बदलले तरी ही खूण जुळत नाही.

तरीही सावधपणा सुटला की घात होतो. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरील एका लोकप्रिय उसन्या साधनाच्या आवृत्त्यांची नावे कोणी गुपचूप दूषित मजकुराकडे वळविली. २३,००० हून अधिक प्रकल्प ते साधन वापरीत होते. ज्यांच्या जोडण्या त्या काळात चालल्या, त्यांपैकी काहींच्या गुप्त किल्ल्या कामाच्या नोंदींत उमटल्या. नावावर विसंबलेले फसले. अचूक खूण आधीच लिहून ठेवलेले बहुतांशी बचावले.

उसने घेणे गैर नाही. त्यावाचून ही विद्या एवढी वाढलीच नसती. यंत्र सांगितलेली वस्तू इमानाने आणते. ती कोणाची, कशासाठी आणि विश्वासार्ह आहे काय, हे प्रश्न ते आपण होऊन विचारीत नाही. केंब्रिजच्या त्या खोलीत ते विचारण्याची गरजच पडली नाही, कारण फीत कोणी लिहिली हे सर्वांस ठाऊक होते. आज ती ओळख उरलेली नाही. म्हणून सामान यंत्राने खुशाल आणावे. यादी मात्र माणसाने वाचावी.